टोपलीला जागा देणारी रेल्वेगाडी

चीन म्हटलं की वाऱ्याच्या वेगाने धावणाऱ्या गाड्या डोळ्यांसमोर येतात. आज आम्ही तिथल्या एका सावकाश गाडीची माहिती देणार आहोत.

नैऋत्य चीनमध्ये सिचुआन प्रांतात लियांगशान नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथे यी समाजाची मोठी वस्ती आहे. 1970 साली सुरू झालेली चेंगदू-कुनमिंग रेल्वे या डोंगरांतून जाते. याच मार्गावर पुशिओंग ते पान्झिहुआ ही साधी गाडी धावते. साडेतीनशे किलोमीटरला ती नऊ तासांहून जास्त वेळ घेते, कारण लहानलहान स्टेशनांवरही थांबते. कमीत कमी तिकीट 2 युआन, म्हणजे आपले पंचवीसेक रुपये. वीसहून जास्त वर्षं हे भाडं वाढलेलं नाही.

गाडीत भाजीच्या टोपल्या येतात, कोंबड्या-बदकं येतात, डुकरं आणि बकऱ्याही येतात. जनावरांसाठी वेगळा डबा आहे. काही बाकं काढून सामानाला जागा केली आहे. शाळेची मुलंही याच गाडीने ये-जा करतात.

आता तिथलं जेवण पाहू. थंड डोंगरात भात फारसा पिकत नाही, म्हणून बटाटा आणि कडू कुट्टू हेच पोटाचे आधार. कुट्टू आपल्याला ऐकून माहीत आहे, उत्तर भारतात उपवासाला खातात. तो गव्हाच्या कुळातला नाही, आपल्या आंबट चुक्याच्या कुळातला आहे. यी बाया त्याच्या पिठाची जाड भाकरी करतात. चव किंचित कडवट, म्हणून कधी मधाबरोबर खातात. बटाटे निखाऱ्यात भाजून तिखटाला लावतात. सणाला, पाहुण्याला मटणाचे किंवा डुकराच्या मांसाचे मुठीएवढे तुकडे उकडून त्यांना मीठ, मिरची आणि सिचुआन मिरी चोळतात. ही मिरी म्हणजे आपल्या कोकणातल्या तिरफळाची बहीणच. जीभ तशीच चुणचुणते.

या गाडीचं महत्त्व कशात आहे? हिशेब करून बघा. समजा, टोपलीभर भाजीचे तीनशे रुपये आले आणि जाण्यायेण्यात दीडशे गेले, तर दिवसभर राबून हातात निम्मेच उरले. मग बाई बाजारालाच जात नाही, दारात आलेला व्यापारी देईल तो भाव घेते. भाडं कमी आणि टोपलीला जागा असली, की ती स्वतः भाव ठरवते. अशा गाडीच्या तिकिटातून खर्च निघत नाही, तरीही ती लोकांची सोय म्हणून चालवली जाते. शेजारून वेगवान गाड्यांचा नवा मार्ग झाला, तरी ती बंद झाली नाही.

आपल्याकडे 2023पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. पण टोपलीचं काय? गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीने बाजाराच्या एका दिवसाचा वाहतूक खर्च लिहून आणा. तिघींचा माल एकत्र नेला तर किती वाचतील, तेही मांडा. आकडा समोर आला, की पुढचं बोलणं सोपं जातं.