तळघर आधी कोरडे करा, मगच बियाणे ठेवा

ठाणे, कल्याण-डोंबिवली परिसरात उतारावर बांधलेल्या काही घरांना तळघर असते. घरच्या घरी गिलावा व रंग करून तेथे भाताचे बियाणे ठेवता येईल, असे वाटणे साहजिक आहे. परंतु या भागात वर्षाला सुमारे २५०० मि.मी. पाऊस पडतो. भाताच्या बियाण्यातील ओलावा १३ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. ओलसर खोलीत चांगले वाळवलेले बियाणेही दमटपणा शोषते, बुरशी व कीड लागते आणि उगवणशक्ती घटते. हे नुकसान रोपवाटिकेत पेरल्यावरच लक्षात येते.

ओल कोठून येते?

आषाढ-श्रावणात ३० सें.मी. लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीला चारही कडांनी चिकटवावा. दोन दिवसांनी भिंतीकडील बाजूस पाणी दिसल्यास ओल भिंतीतून येते. खोलीकडील बाजूस दिसल्यास ती हवेतील आहे.

काम कसे करावे?

१) प्रथम बाहेरचे पाणी तोडावे. पागोळ्यांचे पाणी पन्हळीने दूर न्यावे, जोत्यालगतच्या जमिनीस बाहेरच्या बाजूस उतार द्यावा.
२) उन्हाळ्यात सुटलेला गिलावा खरवडून भिंत ताराच्या ब्रशने घासावी. जलरोधक मिसळून सिमेंट-वाळूचा १:४ गिलावा दोन थरांत करावा व किमान सात दिवस पाणी मारावे.
३) पावसाळ्यात जमिनीतूनच पाणी वर येत असेल, तर आतील गिलावा टिकत नाही. अशा तळघरात बियाणे ठेवू नये.
४) पोती घडवंचीवर, भिंतीपासून दीड फूट दूर ठेवावीत. खते व कीटकनाशके बियाण्याजवळ नकोत.
५) पावसाळी हवेत खिडक्या बंद ठेवाव्यात, कोरड्या दिवशी उघडाव्यात. विजेची बटणे उंचावर बसवावीत. तळघरात डिझेल इंजिन कधीही चालवू नये. त्याचा धूर जीवघेणा असतो.

२६ जुलै २००५ रोजी उल्हास नदीच्या पुराचे पाणी कल्याण, बदलापूर परिसरात घराघरांत शिरले. पूररेषेतील घरांनी बियाणे वरच्या मजल्यावरच ठेवावे. नवीन तळघर खोदण्यापूर्वी बांधकाम परवानगी घ्यावी.

पेरणीपूर्वी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासावी. ८० पेक्षा कमी दाणे उगवल्यास वेळीच दुसऱ्या बियाण्याची सोय करावी.