🐄 लाळ्या-खुरकुताचं गणित : निम्मी दावण टोचून भागत नाही



मागच्या फेरीत बऱ्याच जणांनी दुभती जनावरं मागंच ठेवली. दोन दिवस दूध कमी येतं म्हणून. खरं आहे, थोडं कमी येतं. पण पुढचं गणित बघा.

समजा, एक आजारी गाय सरासरी 5 जनावरांना रोग देते. गावातल्या 100 पैकी 60 जनावरांत प्रतिकारशक्ती आहे. मग त्या 5 पैकी 3 वाचतात, 2 आजारी पडतात. दोनाची चार, चाराची आठ, आठाची सोळा. आता 100 पैकी 80 जनावरं सुरक्षित धरा. 5 पैकी एकच आजारी पडेल, म्हणजे रोग वाढत नाही, पण धुमसत राहतो. 80 च्या वर गेलात की साखळी तुटायला लागते.

यात एक मेख आहे. टोचलेल्या प्रत्येक जनावरात लस लागू पडतेच असं नाही. 10 पैकी 9 मध्ये पडली असं धरलं, तरी 80 सुरक्षित हवी असतील तर जवळपास 90 टोचावी लागतात. शिवाय प्रतिकारशक्ती महिन्यागणिक उतरते आणि नवी वासरं येत राहतात. म्हणून दर 6 महिन्यांनी फेरी. 2019 पासून केंद्राच्या कार्यक्रमात ही लस मोफत आहे.

तो 5 चा आकडाही आपल्याच हातात आहे. सामाईक हौद, बाजारातून आणून थेट दावणीला बांधलेलं जनावर, यानं तो वाढतो. रोग दिसायच्या आधीच जनावर विषाणू सोडायला लागतं, म्हणून नवीन जनावर 3 आठवडे वेगळं बांधा. 5 चे 3 झाले तर 67 टक्क्यांवरही भागतं.

ब्रिटनमध्ये 2001 साली हाच रोग आला. तिथं लस टोचली नाही. गणिती प्रारूपांच्या आधारे आजारी गोठ्याशेजारच्या गोठ्यांतली जनावरंही 48 तासांत मारायचं ठरलं. एकूण 60 लाखांहून जास्त जनावरं गेली. ते गणित बरोबर होतं का, यावर तिथं अजून वाद आहे. आपल्याकडं लस आहे, ही मोठी गोष्ट.

4 महिन्यांवरची वासरं, पारडी पुढं करा. पहिल्यांदा टोचलेल्यांना महिन्यानं दुसरा डोस लागतो, हाच बहुतेक जण विसरतात. गाभण जनावर शेवटच्या दिवसांत असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. कानातला बिल्ला नसेल तर संकलन केंद्रावर आजच नाव द्या.