सराफ्याचा केर आणि भोपाळची राख

होळकरांच्या इंदुरातील सराफा आमच्या काही वाचकांनी पाहिला असेल. दिवसा तेथे सोन्याचांदीचा व्यवहार चालतो. रात्री पेढ्या बंद झाल्या की त्यांच्याच दारांपुढे भुट्ट्याचा कीस, गराडू नि दहीवडे यांची दुकाने मांडली जातात. सोनाराच्या दुकानातील केरही फुकट जात नाही. झारेकरी तो धुतो, गाळतो आणि सोन्याचा कण वेचून काढतो. या पेठेपासून अवघ्या तीसेक किलोमीटरांवर, धार जिल्ह्यातील पीथमपूर येथे, दुसऱ्याच एका केराचा प्रश्न येऊन पडला आहे.

तो केर भोपाळचा. युनियन कार्बाइडचा कारखाना सेविन हे कीटकनाशक बनवीत असे. त्यासाठी साठविलेले मिथाइल आयसोसायनेट २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री वायुरूपाने सुटले आणि हजारो माणसे प्राणांस मुकली. वायू विरला, सेविनचा गाळ, नॅफ्थॉलचे अवशेष नि विषारी माती आवारातच राहिली, भोवतालचे हातपंप नासले. उच्च न्यायालयाने कान उपटले तेव्हा कोठे, चाळीस वर्षांनी, १ जानेवारी २०२५ च्या रात्री ३३७ टन कचरा बारा कंटेनरांतून पीथमपुरास निघाला. दोन दिवसांत तेथील लोक रस्त्यावर आले. दोघांनी स्वतःस पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. त्यांना अडाणी म्हणून हिणविणे सोपे आहे. आम्हांस ते मान्य नाही. ज्यांना आधी विश्वासात घेतले नाही, त्यांनी भरवसा ठेवावा तो कशाच्या बळावर?

जूनअखेर कचरा जाळून संपला. परंतु शिसे, निकेल यांसारखे धातू भट्टीत नष्ट होत नाहीत. ते राखेत उतरतात. जाळताना चुनाही मिसळावा लागतो, म्हणून ३३७ टनांची राख आठशे टनांहून अधिक भरली! ती वस्तीजवळ पुरण्यास न्यायालयानेच हरकत घेतली.

समुद्रकाठी राहणाऱ्यांनी हे घाटापलीकडचे दुखणे समजू नये. आपल्याच किनाऱ्याच्या दक्षिणेस, कासरगोडच्या काजूबागांवर २००० सालापर्यंत हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारले जात होते. सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली २०११ मध्ये. तोवर तेथील घरांतून व्यंग घेऊन जन्मलेली मुले वाढत होती.

पीथमपूरच्या राखेत कोणता धातू किती आहे, हे सरकारने मराठी-हिंदीत, साध्या शब्दांत छापावे. आसपासच्या विहिरींचे पाणी दर ऋतूत त्रयस्थ प्रयोगशाळेकडून तपासून घ्यावे आणि ते आकडे नगरपालिकेच्या फळ्यावर लावावेत. हे काम एका वर्षाचे नाही; राख तेथे असेपर्यंतचे आहे.