स्थळ बघा, मग पुस्तक घ्या!

लग्नासाठी स्थळ बघावं तसं पुस्तकही बघावं लागतं, हे मला माझ्या रूममेटमुळे कळलं. मी मास कॉमवाली. ट्रान्झिस्टर म्हटलं की मला आजोबांचा रेडिओच आठवतो. ती मात्र चिप डिझाइनमध्ये, डिजिटलच्या टीममध्ये आहे आणि तिला अ‍ॅनालॉगमध्ये शिरायचंय. कॉलेज सुटून पाच वर्षं झालीत, हातात फक्त शनिवार-रविवार. पुस्तक चुकलं तर वर्ष वाया आणि इंटरव्ह्यूत पुन्हा तोच घाम!

पहिलं स्थळ, सेड्रा-स्मिथ. १९८२पासून इंजिनीअरिंगवाल्यांच्या ओळखीचं. ऑप-अ‍ॅम्प, डायोडपासून बोट धरून नेतं. पानं हजारावर. बेसिक्सना गंज चढला असेल तर निमूटपणे इथूनच सुरुवात करा.

दुसरं, ग्रे-मेयर. पहिली आवृत्ती १९७७ची, पाचवी २००९ची. मधल्या काळात हर्स्ट आणि लुइस ही नावंही कव्हरवर आली. बायपोलर आणि मॉस, दोन्ही ट्रान्झिस्टर शेजारी शेजारी मांडलेत. खोली जबरदस्त, पण गणितही तितकंच. दिवसभर ऑफिसात पिळून निघाल्यावर पहिलंच हे हातात घेतलंत, तर डुलक्या नक्की.

तिसरं, राझावी. हे २०००च्या सुमारास आलं आणि सरळ सीमॉसवरच बोलतं. आजच्या बहुतेक चिप्स सीमॉसच्याच, म्हणून नोकरीसाठी शिकणाऱ्यांची पसंती बऱ्याचदा यालाच. समीकरण मांडण्याआधी सर्किट ‘वाचायला’ शिकवणं, हा याचा फंडा. मात्र ट्रान्झिस्टरची तोंडओळख आहे, हे ते गृहीत धरतं.

मग निवडायचं कसं? रूममेटची ट्रिक सोपी आहे. लायब्ररीतून तिन्ही आणा. प्रत्येकातला डिफरन्शिअल पेअरचा भाग काढा, दहा पानं वाचा आणि पुस्तक मिटा. आता कोऱ्या कागदावर सर्किट काढा. दोन्ही इनपुटवर सारखाच आलेला गोंगाट आउटपुटला का वजा होतो, हे स्वतःच्या शब्दांत सांगा. मग एक गणित सोडवा. ज्या पुस्तकानंतर हे जमलं, ते तुमचं. तिन्हींनंतर अडलात, तर सेड्रा-स्मिथ.

आणि हो, तिन्ही एकदम विकत घेऊ नका. एक वाचायला, दुसरं अडल्यावर उघडायला, बस्स! सोबतीला एनपीटीईएलवर आयआयटी मद्रासच्या प्राध्यापकांची लेक्चर्स आहेतच, तीही फुकट.

रूममेटने राझावी घेतलंय. दर रविवारी दोन गणितं, मोबाइल दुसऱ्या खोलीत. सध्या ती करंट मिररपर्यंत पोचलीय. सोडवलेल्या गणितांची वही भरत चाललीय. पुढच्या इंटरव्ह्यूत तिच्या कामी येणार आहे ती हीच वही, कपाटातल्या पुस्तकांची रांग नव्हे.