बंदुकीच्या नळीतील स्वर

बँड म्हटला, की लग्नाची वरात किंवा सैनिकांचे संचलन आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. परंतु आपल्या देशात एक बँड असा निर्माण झाला, की ज्याचे वादक अनाथ मुले होती आणि ज्यातील एक वाद्य बंदुकांच्या नळ्यांचे होते. तो म्हणजे मैहरचा बँड. उस्ताद अल्लाउद्दीन खाँ हे त्याचे निर्माते.

खाँसाहेबांचा जन्म पूर्व बंगालमधील शिवपूर या खेड्यात झाला. तो प्रदेश आज बांगलादेशात आहे. संगीताच्या ओढीने ते लहानपणीच घर सोडून कलकत्त्यास आले. तेथे अन्नछत्रात जेवून त्यांनी दिवस काढले. पण गुरूचा शोध सोडला नाही. नुलो गोपाल या गायकाने त्यांना शिष्य करून घेतले आणि सात वर्षे त्यांच्याकडून स्वरसाधना करवून घेतली. गुरूंच्या निधनानंतर ते वाद्यांकडे वळले. अमृतलाल दत्त यांच्याकडे ते अनेक वाद्ये वाजविण्यास शिकले, तर लोबो नावाच्या एका गोमंतकीय बँडमास्तरांनी त्यांना पाश्चात्त्य पद्धतीचे व्हायोलिनवादन शिकविले. पुढे रामपूरला जाऊन त्यांनी तानसेनाच्या परंपरेतील थोर बीनकार वजीर खाँ यांचे शिष्यत्व पत्करले. अशा प्रकारे पूर्वेची रागविद्या आणि पश्चिमेची बँडपद्धती ही दोन्ही त्यांना अवगत झाली.

मध्य प्रदेशातील मैहर हे त्या काळी एक लहानसे संस्थान होते. तेथील महाराज ब्रिजनाथसिंह यांनी खाँसाहेबांना आपले गुरू मानून दरबारी आश्रय दिला. तो काळ मोठा कठीण होता. १९१८ साली इन्फ्लुएंझाच्या साथीने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्याच सुमारास मैहरमध्येही साथीने हाहाकार उडविला आणि कितीतरी बालके पोरकी झाली. त्यांना दोन घास देणे ही दया खरीच. परंतु तेवढ्याने खाँसाहेबांचे समाधान झाले नाही. मुलांना विद्या मिळावी आणि स्वतःच्या पायांवर उभे राहता यावे, म्हणून त्यांनी त्यांच्या हाती वाद्ये दिली.

सतार, सरोद, इसराज आणि तबला यांच्या जोडीला व्हायोलिन, क्लॅरिनेट व चेलो ही पाश्चात्त्य वाद्येही या बँडमध्ये आली. वाद्ये निरनिराळ्या देशांची, पण त्यांतून वाजू लागले आपलेच राग! खाँसाहेब मुलांना तोंडी पाठ देत आणि तो पुनःपुन्हा घटवून घेत. त्यांची शिस्त कडक होती. बेसूर वादन त्यांना मुळीच खपत नसे.

त्यांची कल्पकता विशेष दिसते ती नलतरंग या वाद्यात. धातूच्या नळीवर आघात केला असता ती कंप पावते व नाद उमटतो. नळी जितकी आखूड, तितका तिचा स्वर उंच. हे तत्त्व ओळखून त्यांनी जुन्या बंदुकांच्या नळ्या कमीअधिक लांबीच्या कापल्या व स्वरांच्या क्रमाने मांडल्या. जलतरंगाचे प्याले वाजवावेत, तशा त्या काठ्यांनी वाजवीत. ज्या नळ्यांतून गोळ्या सुटत होत्या, त्यांतून आता सूर निघू लागले.

खाँसाहेब नमाज पढत आणि मैहरच्या टेकडीवरील शारदादेवीवरही त्यांची भक्ती होती. विद्या देताना त्यांनी जातिधर्माचा भेद कधी केला नाही. पुत्र अली अकबर खाँ, कन्या अन्नपूर्णादेवी, सतारवादक रविशंकर व निखिल बॅनर्जी, बासरीवादक पन्नालाल घोष असे थोर कलावंत त्यांच्या हाताखाली तयार झाले. स्वातंत्र्यानंतर दिल्लीच्या आकाशवाणीने राष्ट्रीय वाद्यवृंद उभारला, तेव्हा त्याची धुरा प्रथम रविशंकरांनी आणि १९५६ पासून पन्नालाल घोष यांनी वाहिली. अन्नपूर्णादेवींनी पुढे मुंबईत राहून अनेक शिष्यांना घडविले.

१९५८ साली भारत सरकारने खाँसाहेबांना 'पद्मभूषण' आणि १९७१ साली 'पद्मविभूषण' हा किताब अर्पण केला. १९७२ साली मैहर येथे त्यांचे निधन झाले. त्यांचा बँड मात्र थांबला नाही. वादकांच्या नव्या पिढ्यांनी तो पुढे चालविला. दान केलेले अन्न एका दिवसाची भूक भागविते. दान केलेली विद्या शिष्याकडून शिष्याकडे जाते आणि वाढतच राहते.