डान्स म्युझिकमध्ये मोठं कोण? माझं मत चरणजित सिंगांना

पांढुर्णा-सौसरकडे वरात निघाली की डीजेवर पोरं नाचतात आणि नंतर वाद घालतात: सगळ्यात भारी कोण? लोकप्रियतेत अविची. 2013चं 'वेक मी अप' डान्स म्युझिक न ऐकणाऱ्यांपर्यंतही पोचलं. आपल्याकडे न्यूक्लिया, म्हणजे उद्यान सागर. 'बास रानी'त (2015) त्याने आपल्या रस्त्यावरच्या बँडबाजाचा दणका बासला जोडला, म्हणून तो मला फार जवळचा.

पण प्रभावाचं बोलायचं तर आधी क्राफ्टवर्क. या जर्मन मंडळींशिवाय पुढचं काहीच झालं नसतं.

आणि मुंबईचे चरणजित सिंग! हिंदी सिनेमांच्या गाण्यांना साथ करणारे वादक. 1982 साली त्यांनी रोलँडच्या टीबी-303 आणि टीआर-808 यंत्रांच्या साथीने भैरवसारखे दहा राग डिस्को ठेक्यात वाजवले. तेव्हा ती रेकॉर्ड फारशी खपली नाही. त्याच 303चा वळवळता आवाज घेऊन शिकागोच्या फ्यूचर या गटाचं 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' आलं ते 1987ला, पाच वर्षांनी! शिकागोवाल्यांनी ही रेकॉर्ड ऐकली होती असं कुणी म्हणत नाही, त्यामुळे प्रभावाच्या यादीत सिंग बसत नाहीत. तरी काळाच्या पुढे म्हणून माझं मत त्यांनाच. 2010 साली रेकॉर्ड पुन्हा निघाली, तेव्हा कुठे जगाने कान टवकारले.

तुमचं मत कुणाला? पण आधी त्यांचा राग भैरव हेडफोन लावून ऐका.