तुकडा तपासायला पाठवायलाच हवा का?

दुर्बीण जठर ओलांडून लहान आतड्यात शिरली की डॉक्टर नळीतून थोडं पाणी सोडतात. निरोगी आतड्याच्या अस्तरावर सूक्ष्म अंकुर दाटीने उभे असतात आणि पाण्याखाली ते हलताना पडद्यावर दिसतात. पस्तिशीतल्या ज्या बाईंची एंडोस्कोपी मी त्यांच्या परवानगीने पाहत होते, त्यांच्या आतड्यात काहीच हललं नाही. अस्तर सपाट, आडव्या घड्यांच्या कडांना खाचा पडलेल्या. लोहाच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेऊनही त्यांचं हिमोग्लोबिन वर येत नव्हतं. शेवटी टीटीजी ही रक्ततपासणी झाली, ती वाढलेली निघाली आणि सिलिअॅकचा, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होण्याच्या आजाराचा, संशय आला.

"रक्तात आलंय, मग तुकडा कशाला काढायचा?" असं त्यांच्या मिस्टरांनी आत येण्याआधी विचारलं होतं. प्रश्न रास्त आहे.

"ओपन... क्लोज." डॉक्टर सांगतात तसा सिस्टर चिमटा उघडते, मिटते. प्रत्येक वेळी दोन-तीन मिलिमीटरचा एकच तुकडा बाहेर येतो. आतड्याच्या सुरुवातीच्या फुगीर भागातून एक-दोन आणि पुढच्या भागातून निदान चार तुकडे घ्यायचे असतात, कारण इजा सगळीकडे सारखी नसते. एकाच तुकड्यावर भागवलं तर नेमका बरा भाग हाती लागू शकतो. सिस्टर सुईच्या टोकाने तुकडा उचलते, अंकुरांची बाजू वर राहील असा गाळणकागदावर अलगद ठेवते आणि मग फॉर्मॅलिनच्या बाटलीत सोडते. रिपोर्टवर तिचं नाव कुठेच येत नाही, पण निदानाचा मोठा भार या हातावर असतो. तुकडा आडवातिडवा बसला, मेणाच्या ठोकळ्यात तसाच कापला गेला, तर चांगले अंकुरही आखूड दिसतात आणि धडधाकट माणसाच्या माथी आजार बसतो.

पॅथॉलॉजीत हा मेणाचा ठोकळा चार-पाच मायक्रॉन जाडीने कापतात. बाईंची काच मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. शेजारच्या निरोगी नमुन्यात अंकुर उभ्या पिकासारखे होते, इथे पीक भुईसपाट. तिथल्या डॉक्टर मात्र तेवढ्यावर थांबल्या नाहीत. वरच्या थरातल्या शंभर पेशींमागे किती लिम्फोसाइट, म्हणजे पांढऱ्या पेशी, शिरल्या आहेत ते त्यांनी मोजलं. पंचविसाच्या वर गेल्या की त्या वाढलेल्या धरतात. मायकेल मार्श यांनी 1992 मध्ये मांडलेल्या श्रेणींत हे बसवून त्यांनी रिपोर्ट लिहिला.

आता मिस्टरांच्या त्या प्रश्नाचं उत्तर. लहान मुलांच्या बाबतीत ते बदललं आहे. मुलांच्या पोटविकारांवर काम करणाऱ्या युरोपातल्या तज्ज्ञ संस्थेने 2012 मध्ये आणि अधिक मोकळेपणाने 2020 मध्ये सांगितलं, की टीटीजी नॉर्मलच्या कमाल मर्यादेच्या दहापट किंवा त्याहून जास्त असेल आणि दुसऱ्या वेळी घेतलेल्या रक्तात ईएमए ही चाचणीही पॉझिटिव्ह आली, तर पालकांशी बोलून बायोप्सी, म्हणजे तुकडा काढणं, टाळता येते. कोविडच्या काळात 2020 मध्ये ब्रिटनमधल्या तज्ज्ञांनी काही प्रौढांनाही अशी सवलत दिली. लेकराला भूल देऊन दुर्बीण घालायची वेळ टळत असेल तर ती टळावी, असं मला मनापासून वाटतं.

या बाईंची टीटीजी दहापटीच्या जवळपासही नव्हती. अशा वेळी, विशेषतः मोठ्या माणसांत, तुकडा काढावाच. आपल्याकडे ट्रॉपिकल स्प्रू आहे, जिआर्डियाचा संसर्ग आहे, रक्तदाबाचं ओल्मेसार्टान हे औषध आहे. या सगळ्यांनी अंकुर झडू शकतात. म्हणजे नुसत्या तुकड्यावरही विसंबता येत नाही. रक्त आणि तुकडा एकत्र वाचावे लागतात. रक्त तपासताना एकूण आयजीए, म्हणजे त्या प्रकारची प्रतिपिंडं, बघायलाही सांगा. ती मुळातच कमी असतील तर नेहमीची टीटीजी आजार असूनही नॉर्मल येऊ शकते.

निदान पक्कं झालं की पथ्य जन्मभराचं असतं. पोळी, रवा, जव तर गेलेच, पण गव्हाचं पीठ मिसळलेला बांधानी हिंगसुद्धा गेला. एवढं मोठं पथ्य अंदाजावर कुणाच्या माथी मारू नये.

आणि सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो घरात. टीटीजी वाढलेली दिसली की त्याच दिवशी गहू बंद होतो. काही आठवड्यांत पोट बरं वाटू लागतं, महिन्यांनी रक्तातली टीटीजी उतरते, अंकुर पुन्हा उगवू लागतात आणि मग तपासणीत काही सापडत नाही. खरं काय ते कळण्यासाठी त्याच माणसाला पुन्हा कित्येक आठवडे गहू खायला लावून त्रास सहन करायला लावावा लागतो. म्हणून कळकळीने सांगते: तपासण्या पूर्ण होऊन डॉक्टर सांगेपर्यंत ताटातली पोळी बंद करू नका.